दहा मिनिटांनी जाणारं कनेक्शन

बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करायला मला कधी जड गेलं नाही. माझं डोकं फिरायचं ते आपण पोचलो की निमूट चालायला लागणाऱ्या यंत्रावर. फोन येतो, 'मॅडम, पूर्ण ठप्प आहे, लगेच या.' आपण बंगळुरातल्या मल्लेश्वरमहून स्कूटर हाकत, लॉऱ्यांचा धूर गिळत पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीपर्यंत जातो, केसांचा झाडू झालेला असतो, आणि तिथे सगळं मजेत चालू. मग चार माणसं आपल्याभोवती उभी राहून हसतात. 'मॅडमना घाबरलं बघा.' या विनोदावर मी त्या नोकरीत किमान शंभर वेळा हसले असेन, आणि एकदाही मनापासून नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सव्वीस वर्षांची होते. आमची कंपनी म्हणजे एक मालक, आम्ही पाच जण आणि जिन्याखालची एक खोली, जिला सर्व्हिस विभाग म्हणत. ऑफिसांना कॉम्प्युटर एकमेकांशी जोडून द्यायचे हा धंदा. त्या वर्षी मालकाने नवीच चीज आणली होती. लॅपटॉपच्या बाजूच्या फटीत सरकवायचं, पत्त्याएवढं एक कार्ड, त्याचं काळं टोक बाहेर राहायचं आणि त्यावर दोन हिरवे दिवे. भिंतीवर एक डबा बसवायचा. झालं, मग लॅपटॉप घेऊन कुठेही फिरा, वायर नको. मालक गिऱ्हाइकासमोर लॅपटॉप तळहातावर घेऊन खोलीभर फिरायचा, आणि गिऱ्हाईक टेबलाखाली वाकून वायर शोधायचं. निम्मी विक्री त्या वाकण्यातच व्हायची.

बाकीची बहुतेक गिऱ्हाइकं इलेक्ट्रॉनिक सिटीत होती, एसीतली, काचेच्या दारांची. तिथे इतर मुलं जायची. पीण्याचा कारखाना माझ्या गळ्यात पडला, कारण मला कन्नड चांगलं येत होतं आणि माझं घर त्या बाजूला होतं. खरं कारण असं की तिथे तेलकट फरशीवर कुणाला जायचं नव्हतं.

तिथे पंपांचे सुटे भाग बनायचे. मोठं स्टोअर होतं, लोखंडी रॅकच्या आठ रांगा, त्यात बिडाच्या ओतीव वस्तू पेट्यांमध्ये रचलेल्या. पूर्वी माल मोजून कागदावर लिहायचा आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर चढवायचा, अशी पद्धत होती. आता परदेशच्या गिऱ्हाइकाला जागच्या जागी नोंद हवी होती. म्हणून एका ट्रॉलीवर लॅपटॉप ठेवलेला, आणि ती ट्रॉली ढकलत रॅकमधून फिरणारी, पेट्या मोजून आकडे भरणारी एक बाई. वय बत्तीसच्या आसपास. कॉटनची साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कारखान्याचे काळे बूट. साडीखाली बूट फार विचित्र दिसायचे, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

तक्रार अशी होती की कनेक्शन मधूनच जातं. आकडा भरायला जावं तर पडदा गोठलेला, कार्डाचे दिवे विझलेले.

पहिल्या दिवशी मी पोचले तेव्हा अर्थातच सगळं चालू होतं. लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर आणून ठेवला होता. मी खुर्ची ओढली, भिंतीवरच्या स्विचबोर्डाचा लाल दिवा पेटलेला पाहिला, चार्जर लावला आणि कामाला बसले. एक तास कार्ड हूं की चूं न करता चाललं. ती बाई बाजूला उभी होती. शेवटी स्वतःशीच पुटपुटली, "काय मेली कटकट. माझ्यापुढंच नाटकं याची."

मला हसू फुटलं. हे तिने मराठीत म्हटलं होतं, आणि आमच्याच मराठीत.

"अगं बाई!" ती म्हणाली. "तू आपल्यातली?"

हे जरा सांगायला हवं. आमच्यासारखी घरं बंगळुरात तीनशे-साडेतीनशे वर्षं आहेत. कुणाचे पूर्वज कुणाच्या फौजेबरोबर आले, कुणाचे सुईदोरा घेऊन आले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आमच्या मराठीत निम्मे शब्द कन्नड, हेल तर पूर्णच. पुण्याहून नोकरीला आलेले लोक आमचं बोलणं ऐकून आधी चकित होतात आणि मग हसू दाबतात. शाळा कन्नड, त्यामुळे जुनी माणसं मराठी लिहायची तीही कन्नड अक्षरांत. माझे वडील आत्याला पत्र लिहायचे ते तसंच. मी देवनागरी शिकले ती शाळेतल्या हिंदीमुळे. अशा माणसाला पीण्याच्या स्टोअरमध्ये आपल्यासारखं बोलणारं कुणी भेटलं, तर आनंद होतोच. मला झाला. तिने माझं मनगट धरलं आणि कुठली गल्ली, कुणाकडची, आजोळ कुठलं, असं सुरू केलं. मी तिला अक्का म्हणाले. तिने मला सरळ अगं-तुगं सुरू केलं.

"स्वल्प ऐक गं," ती म्हणाली, "तू बसतेस तेव्हा नीट चालतंय. तू गेलीस की जातंय."

मला वाटलं, ही माझं कौतुक करतेय किंवा तोच शिळा विनोद करतेय. मी म्हटलं, "मग काय, मी इथंच राहू का?"

तेवढ्यात स्टोअरचे मॅनेजर आले. वाईट माणूस नव्हते. हुशार, गडबडीतले, खिशाला चार पेनं लावलेले. तिने धरलेलं माझं मनगट त्यांनी पाहिलं. "ओहो," ते इंग्रजीत म्हणाले, "तुमचंच माणूस का! मग झालं. आता दोष कार्डाचाच निघणार."

ते गंमतीने म्हणाले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं मी त्या धंद्यात होते, बाई म्हणून 'तुम्हाला जमेल का' हे ऐकत होते, आणि आता हे! मी मनगट सोडवून घेतलं आणि त्यांना म्हटलं, "दोष ज्याचा असेल त्याचा निघेल, सर." वर ठणकावून म्हटलं, म्हणजे तिलाही ऐकू गेलं.

दुसऱ्या खेपेला मी सगळं शिस्तीत तपासलं. डब्याची जागा, रॅकचं लोखंड, शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग. पुन्हा तीच खुर्ची, तोच बोर्ड, चार्जर लावला आणि बसले. चार्जर लावणं ही काही विचारपूर्वक केलेली कृती नव्हती. ज्या शहरात करंट कधी जाईल याचा नेम नव्हता, त्या शहरात वाढलेल्या माणसाला पेटलेला बोर्ड दिसला की हात आपोआप जातो. आमच्या घरी करंट आला रे आला की एक जण पाण्याची मोटर लावायला धावायचा, एक जण मिक्सर, तिसरा इस्त्री. करंट असताना काहीतरी न लावता बसणं म्हणजे ताटात वाढलेलं टाकून उठण्यासारखं वाटायचं. तसा मी चार्जर लावत होते. मग लॅपटॉप हातावर घेऊन आठही रांगांमधून फिरले, मालकासारखीच. पाच मिनिटं लागली. एकदाही कनेक्शन गेलं नाही.

ती मागे मागे येत होती. "अगं, असं नाही. तू मोजत नाहीस ना. मी मोजत उभी राहते, तेव्हा जातं."

"मोजण्याचा आणि कनेक्शनचा काय संबंध?"

"ते मला काय माहीत. तू शिकलेली."

मॅनेजर दोन रांगा पलीकडे होते. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "इथं आपण कन्नडात बोलूया. बरं दिसत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कन्नडात म्हणाली, "सरी," म्हणजे बरं, आणि ट्रॉलीकडे गेली.

त्याच दिवशी मी कार्ड काढून भिंगाखाली पाहिलं. कडा झिजलेल्या होत्या, फटीच्या तोंडाशी ओरखडे होते. नव्या कार्डाचे असे हाल होत नाहीत. विचारलं तर ती म्हणाली, हो, कनेक्शन गेलं की मी कार्ड काढून परत घालते, मग येतं. दिवसातून किती वेळा? पंधरा, वीस. मी मनात म्हटलं, सापडलं. सतत उपसत राहिलं तर कुठलं कार्ड टिकेल? कार्ड ढिलं झालं म्हणून कनेक्शन जातंय. ते जातंय म्हणून ती उपसतेय, हे उलट्या बाजूने पाहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल, पण ती बाजू तिच्या सोयीची होती, आणि तिच्या सोयीची बाजू मी घ्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटत होता. आपण किती निष्पक्ष.

जाताना ती गेटपर्यंत आली. गेटबाहेर मात्र मराठीत बोलली. पंधरा दिवसांनी तिचे सहा महिने भरत होते. पक्कं करायचं की नाही ते तेव्हा ठरणार, आणि मॅनेजर म्हणाले होते की कंपनीचा इंजिनियर काय लिहून देतो ते बघू. भावाकडे राहत होती. लग्न झालं नव्हतं. सोळाव्या वर्षापासून घरी बसून साड्यांना फॉल लावत होती. डोळे बारीक करून, भिंतीला टेकून, सोळा वर्षं. मग कॉम्प्युटरचा कोर्स केला, भावाशी भांडून. "सकाळी डबा घेऊन बाहेर पडते बघ," ती म्हणाली, "तेवढ्यासाठीच जगते असं वाटतं. परत त्या भिंतीला टेकायचं नाही मला. तुझ्या कागदावर आहे सगळं."

मी म्हटलं, जे खरं असेल ते लिहीन. हे वाक्य मी त्या दिवसांत फार वापरत होते.

तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेला मॅनेजर टेबलाशी बसले होते. समोर ती. मला अंतिम काय ते सांगायचं होतं. मी चार्जर लावला, लॅपटॉप उघडला, कार्ड चालू होतंच. तिने पिशवीतून शाळेच्या मुलांची असते तशी एक वही काढली आणि टेबलावर ठेवली. "मी दहा दिवस लिहून ठेवलंय," ती मॅनेजरना कन्नडात म्हणाली, "कधी जातं, कधी येतं. यांना दाखवा."

मॅनेजरनी वही उघडली. अक्षरं कन्नड होती, म्हणून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन-चार शब्द वाचले, थांबले, परत वाचले. अडखळत, शब्द भलतीकडेच तोडत. मग हसायला लागले. "हे काय आहे? ही काही कन्नड नाही. कुठली भाषा आहे ही?"

घाईघाईत, उभ्याउभ्या, रॅकशी टेकून लिहिताना तिने घरचीच भाषा लिहिली होती. आमच्या घरांत असं सगळेच लिहितात. यादी, हिशेब, निरोप. मला ते उलट्या बाजूने, टेबलाच्या पलीकडूनही वाचता येत होतं. त्या इमारतीत ते वाचू शकणारी, तिच्याखेरीज, मी एकटीच होते.

मॅनेजरनी वही माझ्याकडे वळवली. "तुम्हाला कळतं का हे?"

मला त्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं. आता दोष कार्डाचाच निघणार. ती माझ्याकडे बघत होती. तिला काही चिंताच नव्हती, म्हणजे चेहऱ्यावरून तरी. मी म्हटलं, "नाही सर. आणि त्याची गरजही नाही. माझी तपासणी झाली आहे."

बस्स, एवढंच. त्या वेळी ते काही मोठं पाप वाटलं नाही. उलट एक कटकट टळली असं वाटलं. तिने तोंड उघडलं, मग मिटलं. मी निघताना ती स्कूटरपर्यंत आली, वही माझ्या हातात कोंबली, आणि म्हणाली, "घरी ने. तिथं वाच." मी ती बॅगेत टाकली आणि ऑफिसात जाऊन ड्रॉवरमध्ये.

अहवाल एका पानाचा होता. उपकरणात दोष आढळला नाही. कार्ड वारंवार काढल्या-घातल्याने सैल झाले आहे. वापरण्याच्या पद्धतीत सुधारणा आवश्यक. भाषा अगदी सभ्य होती. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तिथे ते कार्ड वापरणारं माणूसच एक होतं, तर नाव कशाला लागतं?

तिला पक्कं केलं नाही. हे मला मॅनेजरच्या फोनवरून कळलं. त्यांनी आभार मानले. पॉलिटेक्निक झालेली एक चुणचुणीत मुलगी घेतली होती, नवीन कार्डही बसवलं होतं. मला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं असं होतं की संध्याकाळी भूक लागल्यावर विसरले.

दहा दिवसांनी परत फोन. "मॅडम, जातंय."

"काय जातंय?"

"कनेक्शन. ही मुलगीही तसलीच निघाली. हीसुद्धा कार्ड उपसते."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. माणूस बदललं, कार्ड बदललं. उरलं काय? तर मी. पण तेव्हाही मला उत्तर मिळालं नाही.

उत्तर मिळालं ते आणखी दोन दिवसांनी, आमच्याच ऑफिसात, भर दुपारी. त्याच मॉडेलचा लॅपटॉप मी समोर घेऊन बसले होते आणि करंट गेला. भिंतीवरचा डबा यूपीएसवर होता, म्हणून कनेक्शन राहिलं. लॅपटॉप बॅटरीवर आला. पंखा बंद, काम सुचेना, म्हणून मी खिडकीत जाऊन कॉफी प्यायले, शेजारच्या बाईशी गप्पा मारल्या. परत आले तर कार्डाचे दोन्ही दिवे विझलेले. पडदा गोठलेला.

मी उभीच राहिले. मग बसले आणि सेटिंगच्या खिडक्या उघडत गेले. बॅटरी वाचवण्यासाठी एक सोय होती. लॅपटॉप बॅटरीवर असेल आणि दहा मिनिटं कुणी हात लावला नाही, तर कार्डाचा करंट तोडायचा. चार्जर लावलेला असेल तर नाही. एवढंच होतं ते. एक चौकट, त्यात एक बरोबरची खूण.

ड्रॉवरमधून वही काढली. पहिल्याच पानावर होतं. 'सोमवार. दोरी काढली साडेनऊ. पेट्या मोजल्या. नऊ चाळीस, गेलं. कार्ड काढून घातलं, आलं. मोजायला लागले. परत दहा मिनिटं, परत गेलं.' दोरी म्हणजे चार्जरची वायर. पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्याही. चौथ्या दिवशी लिहिलं होतं, 'आज दोरी काढली नाही, टेबलापाशीच बसून भरलं. एकदाही गेलं नाही.' त्याखाली, 'साहेबांना सांगितलं, दोरी काढली की जातं. साहेब हसले. म्हणाले, दोरी नको म्हणून तर हे विकत घेतलंय.' आणि शेवटच्या पानावर, ठळक, दोनदा गिरवून, 'ती आली की आधी दोरी लावते. म्हणून तिला दिसत नाही. तिला सांगायचं.'

चार वर्षांच्या अनुभवाला जे सापडलं नाही, ते तिने घड्याळ आणि शाळेची वही घेऊन दहा दिवसांत शोधलं होतं. माझं नाव न घेता माझी चूकसुद्धा लिहून ठेवली होती. मला रडू नाही आलं. राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून जिन्याखालच्या खोलीतलं एक खोकं मी लाथेने उडवलं.

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "जा आणि खूण काढून ये. लिहून मात्र काही देऊ नको. आपलीच अब्रू जाईल." मी पीण्याला गेले, खूण काढली. दोन मिनिटं लागली. मॅनेजर खूश झाले, माझ्यासाठी चहा मागवला. मी म्हटलं, "सर, आधीच्या बाई बरोबर सांगत होत्या. वहीत सगळं लिहिलेलं होतं." मला वाटलं, विचारतील, तुम्हाला कसं कळलं काय लिहिलंय ते. विचारलं नाही. "सरी, सरी," म्हणाले, "चूक झाली खरी. पण आता जागा भरली ना. त्या मुलीला काय सांगू?" तेही खोटं नव्हतं. ती मुलगी पलीकडे बोटांवर पेट्या मोजत होती.

वहीच्या आतल्या बाजूला पत्ता होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉटनपेटला गेले. अरुंद गल्ली, वर एका माळ्यावरचं घर. दार उघडंच होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर जांभळी साडी, सुई तोंडात. मला पाहून तिने सुई तोंडातून काढली आणि चटई सरकवली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मी सगळं सांगितलं. चौकट, खूण, दहा मिनिटं. ती टाके घालत ऐकत होती.

"म्हणजे दोरीच," ती म्हणाली.

"हो."

"मला माहीत होतं."

मी म्हटलं, अक्का, माझं चुकलं. मी पत्र लिहून देते, चूक तुमची नव्हती असं. कंपनीच्या कागदावर नाही देता येणार, पण माझ्या सहीने देते. दुसरीकडे नोकरी बघताना उपयोगी पडेल. हे मी वाटेत तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं, आणि तेव्हा ते बरं वाटलं होतं. तिथे, त्या साडीसमोर, ते अगदी फुटकळ वाटलं.

तिने दोरा दाताने तोडला. "पत्र राहू दे," ती म्हणाली. "एक सांगते. त्या दिवशी साहेबांनी वही वाचली, हसले, तेव्हा मी भांडणार होते. कन्नडात सगळं सांगणार होते, ओरडून. तुम्हा दोघांना ट्रॉलीपाशी नेऊन घड्याळ लावून दाखवणार होते. तोंड उघडलंसुद्धा. मग तू दिसलीस. म्हटलं, हिला वाचता येतंय. हिला आत्ता नसेल बोलायचं, साहेबांसमोर अवघडली असेल, पण ही वाचेल आणि लिहील. म्हणून गप्प बसले. दुसरं कुणी असतं ना तुझ्या जागी, कुणीही, तर मी गप्प बसले नसते."

मला लाज वाटली. इतकी की तिच्याकडे बघता येईना. ही लाज आजही वाटते, त्यात काही कमी झालेलं नाही.

आतून तिची वहिनी बाहेर आली, हात पदराला पुसत. माझ्याकडे पाहून तिने नणंदेला मराठीत विचारलं, "कोण गं ही? आपल्यातली का?"

तिने सुईत नवा दोरा ओवला. डोळे बारीक करून, शांतपणे.

"छे," ती म्हणाली. "कंपनीतली मॅडम आहे."

वहिनी लगेच सावरून उभी राहिली आणि परक्या माणसाशी बोलावं तसं, अदबीने, कन्नडात म्हणाली, "कूतकोळ्ळी मॅडम. स्वल्प कॉफी माडला?" बसा, थोडी कॉफी करू का.

मी उठले. "बेडा," म्हणाले, नको, उशीर झालाय. कन्नडातच म्हणाले, आणि जिना उतरले.